वायवीय शैलवेधक : निगा व दोषनिवारण

संपीडित (दाबाखाली आणलेल्या) हवेने दट्ट्याला जलद पुढेमागे हालवून त्याच्या आघातांनी खडकात भोक पाडणाऱ्या हत्यारास वायवीय शैलवेधक म्हणतात. हातात धरून वापरावयाच्या शैलवेधकाचे वजन साधारणतः २० ते २५ किग्रॅ. असते. महाराष्ट्रात तो जॅकहॅमर या नावाने, तर बोलीत नुसत्या ‘हॅमर’ या नावाने ओळखला जातो. रस्ते, धरणे, दगडखाणी व बोगदे यांच्या कामात तो वापरतात. तथापि परभणी जिल्ह्यात आणि एकंदर मराठवाड्यात त्याचा सर्वांत परिचित उपयोग म्हणजे शेतातील विहीर खणणे किंवा जुनी विहीर खोल करणे हा होय. प्रस्तुत नोंदीत या हत्याराची रचना थोडक्यात देऊन, विहिरीच्या कामात त्यात उद्‌भवणारे दोष, त्यांची कारणे व निगा यांचे विवेचन केले आहे.

परभणी जिल्हा दख्खनच्या बेसाल्टी पठारावर वसलेला आहे. सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हे पठार बनले. त्यामुळे येथे विहीर खणताना प्रथम काळी माती, मग मुरूम, त्याखाली स्थानिक भाषेत ‘मांजऱ्या’ म्हणतात तो पोकळ्यांचा, तुलनेने मऊ खडक आणि त्याखाली काळा पाषाण असा क्रम पुष्कळदा आढळतो. मुरूम कुदळीने निघतो. काळ्या पाषाणात मात्र भोके पाडून, सुरुंग उडवूनच पुढे जावे लागते. पाणी बहुधा थरांच्या सांध्यांत व भेगांत असते, म्हणून हा पाषाण टाळता येत नाही. गोदावरीकाठच्या गंगाखेड, पाथरी, सोनपेठ या भागांत मातीचा थर जाड असतो. उत्तरेकडील जिंतूरच्या डोंगराळ भागात मात्र खडक फार लवकर लागतो आणि तेथे वेधकाचे काम जवळजवळ पहिल्या दिवसापासूनच सुरू होते.

इतिहास : संपीडित हवेवर चालणाऱ्या शैलवेधकाची मोठ्या प्रमाणावरील पहिली कसोटी यूरोपात आल्प्स पर्वतातील माँ सेनी बोगद्यावर लागली. या सु. १३ किमी. लांबीच्या बोगद्याचे काम १८५७ मध्ये हाताने सुरू झाले. १८६१ पासून झेर्माँ सोमेये यांनी तेथे वायवीय वेधक वापरले आणि बोगदा १८७१ मध्ये खुला झाला. बोगद्यासाठी हवेची निवड करण्यात एक वेगळा फायदा होता. वेधकातून बाहेर पडणारी हवा बोगद्याच्या टोकाशी काम करणाऱ्यांना श्वासासाठी मिळत असे. वाफेच्या यंत्राने नेमके उलट झाले असते. पुढे अमेरिकेत जे. जॉर्ज लेनर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोकळ पोलादी दंडातून हवा सोडून भोकातील भुकटी बाहेर फेकण्याची युक्ती काढली. तिने वेध जलद झाला, पण इतकी धूळ उडू लागली की खाणकामगारांनी या जातीच्या वेधकांना ‘विधवा करणारे’ असे नाव दिले. लेनर यांनी नंतर हवेबरोबर पाणी सोडण्याची सोय केली. खाणींत आज रूढ असलेले ओले वेधन त्यातून आले. मराठवाड्यातील विहिरींवर मात्र अद्यापही बहुधा कोरडेच वेधन चालते.

यंत्र येण्यापूर्वी पाषाणातील सुरुंगाची भोके पहार व घण यांनी पाडीत. एकाने पहार धरून प्रत्येक घावानंतर थोडी फिरवावयाची आणि दुसऱ्याने घण घालावयाचा, अशी ही पद्धत असे. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी खोल करण्याची निकड सर्वत्र जाणवली. त्यानंतरच्या दशकांत ट्रॅक्टरांचा प्रसार झाला, तसा ट्रॅक्टरवर बसविलेला संपीडक, म्हणजेच बोलीतील ‘ट्रॅक्टर कॉम्प्रेसर’, गावोगाव भाड्याने मिळू लागला. खोल कूपनलिकांसाठी वेगळे यंत्र वापरतात. त्यात हातोडा भोकाच्या तळाशी दंडाच्या टोकावरच असतो व हवेचा दाबही बराच अधिक लागतो. त्याच्या निगेची तत्त्वे पुष्कळशी सारखीच असली, तरी त्याचा विचार येथे केलेला नाही.

रचना व कार्य : वेधकाच्या माथ्याला मूठ व हवा सोडणारी तरफ असते. मध्यभागी सिलिंडर आणि त्यात दट्ट्या, तर खालच्या बाजूस वेधनदंड धरणारी पकड असते. हे तिन्ही भाग दोन लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात. आत आलेली हवा एक लहान झडप आळीपाळीने दट्ट्याच्या वर व खाली सोडते. दट्ट्या मिनिटाला सु. दोन हजार वेळा दंडाच्या षट्‌कोनी बुंध्यावर आदळतो. पहार धरणारा मनुष्य जे काम मनगटाने करी, ते येथे पिळाच्या खाचा असलेला एक दांडा करतो. दट्ट्या परत वर जाताना या खाचांमुळे थोडा फिरतो व आपल्याबरोबर पकड आणि दंड यांनाही फिरवितो. दात्यांचे कडे व त्यात अडकणाऱ्या खिट्या यांमुळे हे फिरणे एकाच दिशेने होते. हवेचा काही अंश पोकळ दंडातून थेट भोकाच्या तळाशी जातो व भुकटी वर फेकतो.

दंडाच्या टोकाशी टंगस्टन कार्बाइडाचे पाते बसविलेले असते. विहिरीच्या कामात दंडांचा संच वापरतात. पहिला सु. ०.८ मी. लांबीचा व ३४ मिमी. पात्याचा, दुसरा १.६ मी. व ३३ मिमी., तिसरा २.४ मी. व ३२ मिमी. असा क्रम असतो. पुढचा दंड मागच्यापेक्षा एक मिमी.ने बारीक ठेवण्याचे कारण असे की पाते झिजत जाते तसे भोक अरुंद होत जाते आणि सारख्याच मापाचा नवा दंड त्यात अडकून बसतो. क्रम चुकवून दंड घातल्याने पाती तुटण्याचे प्रकार पुष्कळ घडतात व दोष मात्र पोलादाला दिला जातो.

दोषांचा शोध : वेधक नीट चालेनासा झाला की तो उघडून पाहण्याची घाई केली जाते. विहिरीच्या काठावर, वाऱ्याने उडणाऱ्या मातीत आणि पोत्यावर भाग मांडून वेधक उघडणे म्हणजे नसलेला दोष त्यात घालणे होय. बहुतेक दोष वेधकात नसून त्याच्याकडे येणाऱ्या हवेत असतात. म्हणून प्रथम हवा, मग वंगण, मग दंड व पाते आणि शेवटी वेधकाचे अंतरंग या क्रमाने तपासणी करावी.

आघात क्षीण होणे ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. वेधकाला दर चौ. सेंमी.ला ५ ते ६ किग्रॅ. दाब लागतो. संपीडकाच्या टाकीवरील दाबमापक हा दाब दाखवीत असला, तरी तो वेधकापाशी पोचतो असे नाही. टाकीवरचा आकडा वेधक बंद असताना वाचला, तर तो निरुपयोगीच समजावा. वेधक चालू असताना नळीच्या वेधकाकडील टोकाशी मापक लावून दाब पाहावा. दाब ६ वरून ४ वर आला, तर भोक पाडण्याचा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. मग एंजिन तेवढेच डीझेल जाळीत राहते आणि काम दुप्पट वेळ चालते. दाब कमी पडण्याचे एक मोठे कारण अरुंद नळी हे होय. नळीतील दाबघट व्यासाच्या सु. पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे २५ मिमी. आतील व्यासाच्या नळीऐवजी १९ मिमी.ची नळी जोडली, तर तेवढ्याच हवेसाठी दाबघट सु. चौपट होते. विहीर खोल होत जाते तसे मिळेल त्या नळीचे तुकडे जोडून लांबी वाढविण्याची पद्धत आहे. प्रत्येक सांध्याशी हवा गळते व मार्गही अरुंद होतो. सांध्यावर साबणाचे पाणी टाकल्यास गळती लगेच दिसते. याशिवाय संपीडकाची हवागाळणी धुळीने भरलेली असणे हे उन्हाळ्यातील हमखास कारण आहे. काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक असते, म्हणून गाळणी रोज झटकावी.

दाब पुरेसा असून आघात क्षीण असतील, तर पकडीतील बुश पाहावा. तो झिजला म्हणजे दंडाचा बुंधा तिरका उभा राहतो, दट्ट्या त्याच्या कडेवर आदळतो आणि दोहोंच्याही तोंडाचे टवके उडतात. झिजलेल्या बुशात नवा दंड घालणे किंवा टवके उडालेल्या दंडाने नव्या बुशात काम करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच खर्चाच्या ठरतात. बाजूचे दोन बोल्ट समान आवळलेले नसल्यास सिलिंडर व पकड यांचा अक्ष जुळत नाही व तोच परिणाम होतो. कामाच्या पहिल्या तासानंतर हे बोल्ट पुन्हा तपासणे आवश्यक असते.

आघात जोराचे असून दंड फिरत नसेल, तर खिट्या किंवा त्यांच्या स्प्रिंगा यांच्यात दोष असतो. खिट्या जाड, चिकट झालेल्या तेलात रुतल्या असतील, तर रॉकेलने धुऊन त्या मोकळ्या होतात. त्यांची धार गोल झाली असेल, तर त्या बदलाव्यात. मात्र यापूर्वी कामगार वेधकावर अवाजवी भार तर देत नाही ना, हे पाहावे. शरीराचे सारे वजन टाकल्याने भोक लवकर पडते हा समज चुकीचा आहे. त्यामुळे पाते तळाशी दाबले जाऊन फिरणे थांबते. याउलट भोकातून दंड वर काढलेला असताना वेधक पूर्ण हवेने चालविल्यास आघात घेण्यास खडकच उरत नाही. तो आघात पकडीवर व स्प्रिंगांवर जाऊन त्या तुटतात. भोक सुरू करताना व दंड वर काढताना हवा अर्धीच सोडावी.

दंड फिरतो, आघातही आहेत, पण भोक पुढे जात नाही, अशा वेळी दंडातील पोकळी चिखलाने बुजलेली असते किंवा पाते बोथट झालेले असते. पात्याच्या धारेवर सु. दोन ते तीन मिमी. रुंदीचा सपाट पट्टा दिसू लागला की ते घासून घ्यावे. धारेचा कोन सु. ११० अंश असावा. पाते घासताना एक गोष्ट कटाक्षाने टाळावी लागते. लोहार पहारीचे टोक तापवून पाण्यात बुडवितो व त्यास ‘पाणी देणे’ म्हणतो. साध्या पोलादाला हे मानवते. टंगस्टन कार्बाइड मात्र तापलेले असता पाण्यात बुडविल्यास त्याला बारीक चिरा पडतात आणि पुढच्याच पाषाणात त्याचे तुकडे होतात. ज्या कारागिराने आयुष्यभर पहारींना उत्तम पाणी दिले, त्याच्याच हातून ही चूक होण्याचा संभव अधिक असतो. पाते अखंड पाण्याच्या धारेखाली घासावे किंवा कोरडेच, थांबून थांबून घासून हवेत निवू द्यावे.

वंगण व पाणी : वेधकातील दट्ट्याला हवेबरोबर येणाऱ्या तेलाखेरीज दुसरे वंगण नसते. त्यासाठी नळीवर वेधकापासून सु. तीन मी. अंतरावर वंगणपात्र बसवितात. विहिरीच्या कामावर ते पुष्कळदा काढून टाकलेले असते आणि सकाळी एकदा वेधकाच्या तोंडात तेल ओतून दिवस काढला जातो. ते तेल काही मिनिटांतच बाहेर फेकले जाते. ट्रॅक्टरमधून काढलेले जुने एंजिन तेल वापरण्याची प्रथाही अशीच घातक आहे. त्यात काजळी व धातूचे कण असतात व ते सिलिंडर घासून काढतात. डीझेल तर मुळीच वापरू नये. दाबाखालील तप्त हवेत ते पेटू शकते. वंगण योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी चालू वेधकाच्या निष्कासद्वारापुढे कोरा कागद धरावा. त्यावर तेलाचा पातळ थर जमला पाहिजे. कागद कोरडा राहिला तर तेल कमी, आणि द्वारातून धुके निघू लागले तर तेल अधिक असे समजावे. हे धुके कामगाराच्या फुप्फुसात जाते, म्हणून अधिक तेल हे अधिक चांगले नव्हे.

हवेतील पाणी तेलाचा थर धुऊन काढते व गंज आणते. मिनिटाला ३ घ.मी. हवा खेचणारा संपीडक पावसाळ्यात, ३०° से. तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असता, तासाला चार लिटरांहून अधिक पाणी वाफेच्या रूपात आत घेतो. दाबाखाली ही हवा ४०° से.पर्यंत निवाली, तरी त्यांपैकी सु. तीन लिटर पाणी टाकीत व नळीत साचते. विहिरींची कामे मुख्यतः उन्हाळ्यात होतात. तेव्हा ४२° से. तापमान व २० टक्के आर्द्रता असता तासाला सु. दोन लिटर पाणीच आत येते आणि नळी तप्त असेतो ते वाफच राहते. म्हणून टाकीचा तळाचा तोटा उघडण्याची गरज नाही, असे चालकांना वाटते. परंतु नळी विहिरीच्या सावलीत उतरून हवा ३५° से.पर्यंत निवाली की त्यातले सु. एक लिटर पाणी नळीतच मोकळे होते व थेट वेधकात शिरते. टाकीचा तोटा रोज सकाळी व दुपारी उघडावा आणि नळी वेधकाला जोडण्यापूर्वी मोकळी फुंकून घ्यावी.

तीच हवा, तोच श्वास : दगडखाणीतील वेधक उघड्यावर चालतो. विहिरीतील वेधक दहा-पंधरा मी. खोल खड्ड्यात चालतो आणि त्याच्या निष्कासद्वारातून निघणारी हवा हीच तळाशी असलेल्या माणसाची श्वासाची हवा असते. माँ सेनीच्या बोगद्यात जो गुण ठरला, तो संपीडकाने शुद्ध हवा आत घेतली तरच येथे गुण ठरतो. ट्रॅक्टरवरील संपीडकाचे हवा घेण्याचे तोंड एंजिनाच्या धुराड्यापासून जवळच असते. वारा पडला असेल किंवा ट्रॅक्टर चुकीच्या दिशेने उभा असेल, तर एंजिनाचा धूर संपीडकातून नळीवाटे विहिरीच्या तळाशी पोचतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो. काठावरच्या माणसाला त्याची काहीच कल्पना येत नाही. संपीडक अति तापून त्यातील तेल करपले, तरीही हाच वायू निर्माण होतो आणि निर्गम झडपेवर साचलेला कार्बन पेटून स्फोटही होऊ शकतो. तेव्हा हवागाळणी, संपीडकातील तेल व निर्गम झडप यांची देखभाल ही यंत्राची निगा असली, तरी तिचा संबंध प्रथम माणसाशी आहे. ट्रॅक्टर वाऱ्याच्या रोखाने, म्हणजे धूर विहिरीपासून व हवेच्या तोंडापासून दूर जाईल असा, उभा करावा. वाऱ्याची दिशा बदलली की तो हलवावा. हवा घेण्याचे तोंड पाइप जोडून उंच व दूर नेल्यास अधिक चांगले. तळाशी असलेल्याला डोके दुखणे, मळमळ वा भोवळ जाणवताच त्याला वर काढावे आणि त्याच्या मदतीला दोर न बांधता दुसऱ्याने उतरू नये. उपशासाठी डीझेल पंप विहिरीच्या आत ठेवणे याच कारणासाठी वर्ज्य आहे.

सुरुंग उडविल्यावर राहिलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजनाची ऑक्साइडे असतात. नळीचे तोंड दोराने तळाशी सोडून विहीर हवेने फुंकून घेतल्याखेरीज कोणीही उतरू नये. त्यानंतर नवे भोक पाडताना आधीच्या भोकाचा उरलेला बुडखा तयार जागा म्हणून कधीही वापरू नये. त्यात न उडालेली दारू असू शकते आणि वेधकाचा पहिलाच आघात तिला पुरेसा होतो. वेळ वाचविण्याच्या या मोहाने झालेल्या अपघाताला कोणतीही दुरुस्ती नाही.

धुळीबाबत असे म्हटले जाते की बेसाल्टात मुक्त सिलिका अल्प असल्याने सिलिकोसिसाचे भय नाही. हे अर्धसत्य आहे. वालुकाश्माच्या मानाने बेसाल्टात ती खरोखरच कमी असते. परंतु मांजऱ्यातील पोकळ्या पुष्कळदा गारेने व कॅल्सेडोनीने भरलेल्या असतात आणि ही खनिजे सिलिकेचीच रूपे आहेत. शिवाय वेधकामागून वेधक चालविणारा कामगार एकाच विहिरीवर काम करीत नाही. खाणींना लागू असलेली धूळनियंत्रणाची शिस्त शेतातील विहिरीपर्यंत पोचत नाही, हे लक्षात घेता भोकाच्या तोंडाशी सतत पाणी घालणे व तोंडाला ओले जाड फडके बांधणे एवढे तरी करावेच. फडक्याने बारीक धूळ पूर्णपणे अडत नाही. धुळीसाठी बनविलेला मुखवटा मिळाल्यास तोच वापरावा. वेधकाचा आवाज कानाला कायमची इजा करण्याइतका मोठा असतो, म्हणून कानात बोळे घालावेत. विहिरीच्या भिंतींमुळे हा आवाज आणखी तीव्र होतो.

हवेच्या टाकीवरील सुरक्षा झडप दोर बांधून किंवा खिळा ठोकून अडविलेली आढळल्यास काम लगेच थांबवावे. गंजलेल्या टाकीला वितळजोडाने ठिगळ लावून ती पुन्हा वापरणे धोक्याचे आहे. नळीच्या प्रत्येक सांध्याला तारेची साखळी असावी. सुटलेली नळी सापासारखी उसळते व जवळच्याला जबर मार बसतो.

हंगामाअखेरची निगा : मृगाचा पाऊस लागला की विहिरींची कामे थांबतात आणि वेधक चार-सहा महिने गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहतात. नव्या हंगामात न चालणाऱ्या वेधकांपैकी बहुतेकांची झडप या काळात गंजून चिकटलेली असते. ठेवण्यापूर्वी वेधकात थोडे रॉकेल ओतून तो अर्ध्या हवेवर काही क्षण चालवावा. मग शैलवेधकाचे तेल ओतून पुन्हा चालवावा, म्हणजे आतील सर्व पृष्ठभागांवर तेलाचा थर बसतो. हवेचे तोंड व पकडीचे तोंड लाकडी गुडद्यांनी बंद करावे. चिंध्या कोंबू नयेत, कारण त्या ओल धरतात. वेधक जमिनीवर न ठेवता फळीवर आडवा ठेवावा. दंडांना तेल लावून ते उभे न ठेवता आडवे रचावेत. उभ्या दंडाच्या पोकळीत पाणी साचून तो आतून गंजतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारा दंड मध्येच मोडतो. पुढील हंगामात वेधक प्रथम जोडताना त्यात तेल घालून कमी दाबावर काही मिनिटे चालवावा व मगच पाषाणाला लावावा.